वापरलेल्या मत्स्यपेटीचे शुद्धीकरण

शोभिवंत मासे पाळण्याच्या छंदात काचेची पेटी ही सर्वांत टिकाऊ वस्तू असते. मासे, पाणवनस्पती, पंप आणि दिवे बदलत राहतात, पण नीट जोडलेली व नीट सांभाळलेली पेटी अनेक वर्षे काम देते आणि घर बदलताना, नोकरीत बदली झाल्यावर किंवा छंद सुटल्यावर ती एका घरातून दुसऱ्या घरात जाते. नव्या पेटीच्या तुलनेत तिची किंमत बरीच कमी असल्यामुळे अनेक नवे हौशी अशाच पेटीपासून सुरुवात करतात. मात्र वापरलेली पेटी खऱ्या अर्थाने कधीच रिकामी नसते; तिच्या काचेवर, सांध्यांत आणि तळाच्या खड्यांत आधीच्या पाण्याचे, आधीच्या माशांचे आणि आधीच्या मालकाने वापरलेल्या औषधांचे अवशेष असतात, आणि त्यांतील सर्वांत घातक अवशेष डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून काच चकचकीत झाली की पेटी स्वच्छ झाली, असे समजणे चुकीचे ठरते. अशा पेटीतील मळ तीन प्रकारचा असतो, प्रत्येक प्रकारावरचा उपाय वेगळा असतो, हे उपाय एकमेकांत मिसळायचे नसतात आणि त्यांचा क्रमही बदलायचा नसतो, हे शुद्धीकरणाचे मूलभूत सूत्र आहे.

पेटीत मागे काय उरते

पहिला मळ खनिज स्वरूपाचा असतो. पेटीतील पाण्याची वाफ होते तेव्हा केवळ पाणी उडून जाते आणि त्यात विरघळलेले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार मागे राहतात; पाण्याच्या पातळीच्या रेषेवर ते थराथराने साचत जाऊन पांढरट, खरखरीत पट्टा तयार होतो. या थराचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीचाच पदार्थ, असतो. पाणी जितके कठीण, म्हणजे या क्षारांनी जितके युक्त, तितका थर जाड होतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची एकूण कठीणता लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य मानली जाते आणि दुसरा स्रोत नसल्यास 600 मिलिग्रॅमपर्यंत चालते. मुंबईला तलावांतून मिळणारे पाणी तुलनेने मृदू आहे, तर दख्खनच्या पठारावरील अनेक कूपनलिकांचे पाणी कठीण आहे. त्यामुळे बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चाललेल्या पेटीवर हा पट्टा अधिक घट्ट आढळतो. हा थर स्वतः फारसा विषारी नसला, तरी त्याच्या सच्छिद्र पृष्ठभागात शेवाळ, जिवाणू आणि औषधांचे अंश अडकून राहतात आणि त्यांच्यापर्यंत जंतुनाशक पोहोचत नाही.

दुसरा मळ सजीव असतो. पाण्यात असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर जिवाणू एक चिकट आवरण तयार करतात आणि त्याच्या आश्रयाने राहतात. या आवरणाला जैवपटल म्हणतात. त्यात निरुपद्रवी जिवाणूंबरोबर रोगकारक जिवाणू, बुरशी, गोगलगायींची अंडी आणि माशांचे परजीवीही असू शकतात. माशांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणणारा इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस हा एकपेशीय परजीवी आपल्या जीवनचक्राच्या एका टप्प्यात मासा सोडून काचेला किंवा खड्यांना चिकटतो, स्वतःभोवती कोश करतो आणि त्या कोशातून शेकडो नवे परजीवी बाहेर पडतात. त्याला कोरडेपणा मात्र सहन होत नाही, ही पेटी शुद्ध करणाऱ्याच्या दृष्टीने मोठी सोय आहे.

माणसाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा जिवाणू म्हणजे मायकोबॅक्टेरियम मरिनम. क्षयरोगाच्या जिवाणूचा हा नातलग जोसेफ ॲरनसन या शास्त्रज्ञाने 1926 मध्ये फिलाडेल्फिया येथील मत्स्यालयातील मृत माशांतून वेगळा केला. तो सुमारे 30 ते 32 अंश सेल्सिअस तापमानाला उत्तम वाढतो आणि शरीराच्या आतील 37 अंशांना त्याची वाढ मंदावते. त्यामुळे त्याचा संसर्ग बहुतेक वेळा बोटे, हाताचा पंजा आणि कोपर अशा तुलनेने थंड भागांच्या त्वचेत राहतो. साध्या खरचटल्याच्या जागेतून तो आत शिरतो, दोन ते चार आठवड्यांनी, क्वचित त्याहूनही उशिरा, तेथे लालसर किंवा जांभळट गाठ येते, ती सहजी बरी होत नाही आणि कधी लसीकावाहिन्यांच्या मार्गाने हातावर वर वर नव्या गाठी उमटतात. उपचारासाठी कित्येक महिने प्रतिजैविके घ्यावी लागतात. निदानाला उशीर होण्याचे एक कारण असे की, मत्स्यपेटीत हात घातल्याची माहिती रुग्णाकडून डॉक्टरांना आपण होऊन दिली जात नाही.

तिसरा मळ रासायनिक असतो. माशांच्या, विशेषतः खाऱ्या पाण्यातील माशांच्या, परजीवींवर तांब्याची संयुगे औषध म्हणून वापरली जातात. माशांना सोसणारी त्यांची मात्रा कोळंबी आणि गोगलगाय यांसारख्या अपृष्ठवंशी प्राण्यांना मारक ठरते, आणि चुनखडीयुक्त खडे व दगड हे तांबे शोषून घेऊन पुढे हळूहळू पाण्यात सोडू शकतात. साबण आणि डिटर्जंट यांचा अंश माशांच्या कल्ल्यांच्या नाजूक पेशींना व अंगावरील बुळबुळीत संरक्षक थराला इजा करतो. डासांच्या व किड्यांच्या नाशासाठी वापरली जाणारी पायरेथ्रॉइड वर्गातील द्रव्ये माणसाला तुलनेने सौम्य असली, तरी माशांना अत्यल्प प्रमाणातही प्राणघातक असतात. म्हणून एखादी पेटी मधल्या काळात रंग, कीटकनाशके किंवा गॅरेजमधील तेले ठेवण्यासाठी वापरली गेली असेल, तर ती शुद्ध करण्याच्या खटपटीत न पडता माशांसाठी बाद समजणे शहाणपणाचे असते.

घेण्यापूर्वीची पाहणी

शुद्धीकरणाचे अर्धे काम पेटी घरी येण्यापूर्वी होते. पेटीत गोड्या पाण्यातील मासे होते की खाऱ्या, शेवटचे मासे विकले गेले की मेले, तांब्याचे औषध कधी वापरले होते काय, आणि पेटीत कासव ठेवले होते काय, हे चार प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावेत. कासवे निरोगी दिसत असतानाही साल्मोनेला या आतड्याच्या विकारास कारण होणाऱ्या जिवाणूचे वहन करतात. अमेरिकेत 1975 पासून 4 इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घालण्यात आली, ती लहान मुलांना होणाऱ्या याच संसर्गामुळे.

त्यानंतर काच आणि सांधे पाहावेत. काचेच्या कडेला टवका उडालेला असला तरी तो सांध्याबाहेर असेल तर पेटी वापरता येते, पण सांध्यापर्यंत गेलेला टवका आणि कोणतीही चीर ही नकाराचीच कारणे होत, कारण पाण्याचा दाब वरून वाटतो त्यापेक्षा फार मोठा असतो. दाब खोलीच्या प्रमाणात वाढतो, आणि काचेवर पडणारे एकूण बल खोलीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 60 सेंटिमीटर लांबीच्या काचेवर 30 सेंटिमीटर खोल पाणी असल्यास ते काचेला सुमारे 27 किलो वजनाइतक्या बलाने बाहेर ढकलते. खोली दुप्पट केली की हे बल चौपट, म्हणजे सुमारे 108 किलो वजनाइतके, होते. म्हणून उंच पेटीच्या बाबतीत पाहणी अधिक कडक असावी.

काचा जोडणारे सिलिकॉन लवचिक, सलग आणि काचेला घट्ट चिकटलेले असले पाहिजे. ते पिवळे पडून कडक झाले असेल, नखाने उचलले जात असेल किंवा काच व सिलिकॉन यांच्यामध्ये शेवाळ शिरलेले दिसत असेल, तर सांधा कमकुवत झालेला असतो. सिलिकॉनने जोडलेल्या केवळ काचेच्या पेट्या 1960 च्या दशकानंतर रूढ झाल्या; त्याआधीच्या पेट्यांत लोखंडी अँगलच्या चौकटीत पुट्टीने काचा बसवीत आणि त्या काळच्या काही पुट्टींत शिशाची संयुगे असत. अशी जुनी पेटी शोभेची वस्तू म्हणून जपावी, पण तिच्यात मासे ठेवू नयेत. पेटी काचेची आहे की ॲक्रिलिकची, हेही याच वेळी पाहावे, कारण ॲक्रिलिकवर पात्याने सहज ओरखडे पडतात आणि अल्कोहोलने त्याला बारीक तडे जातात.

जागा, हात आणि वजन

पेटी धुण्यासाठी गच्ची, अंगण किंवा हवेशीर न्हाणीघर निवडावे. स्वयंपाकघरातील सिंक आणि भांडी घासण्याची घासणी या कामासाठी कधीही वापरू नयेत. रबरी हातमोजे घालावेत, हातावर जखम असेल तर ती बरी होईपर्यंत काम पुढे ढकलावे, आणि लहान मुले, वृद्ध व प्रतिकारशक्ती कमी झालेल्या व्यक्तींना या कामापासून दूर ठेवावे. दीर्घकाळ कोरड्या पडलेल्या पेटीतील खडे व धूळ हलवताना बुरशीचे बीजाणू हवेत उडतात, म्हणून आधी पाणी शिंपडून मग तळ उपसावा आणि नाकातोंडावर मास्क बांधावा. तळातील पाणी काढण्यासाठी पाइपचे टोक तोंडात धरून पाणी ओढण्याची जी पद्धत सर्रास दिसते, ती पूर्णपणे टाळावी, कारण तिने वर वर्णन केलेले सर्व जिवाणू थेट तोंडात जाऊ शकतात. पाइप पाण्याने भरून घेऊन किंवा दाबाचा रबरी फुगा लावूनही तेच काम होते.

वजनाचाही विचार आधीच करावा. 60 सेंटिमीटर लांब आणि 30 सेंटिमीटर रुंद व उंच, म्हणजे साधारणपणे दोन फुटी, पेटीत 54 लिटर पाणी मावते आणि तेवढ्या पाण्याचेच वजन 54 किलो भरते. थोडेसे पाणी असतानाही पेटी उचलली तर तळाच्या काचेवर आणि सांध्यांवर असमान ताण येतो, म्हणून ती नेहमी पूर्ण रिकामी करून, तळाला दोन्ही बाजूंनी आधार देऊनच हलवावी.

क्षारांचा थर काढणे

सर्वप्रथम क्षारांचा थर काढावा, कारण तो असेपर्यंत पुढील जंतुनाशक त्याच्याखाली पोहोचत नाही. येथे सौम्य आम्लाचा उपयोग होतो. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये 4 ते 5 टक्के ॲसिटिक आम्ल असते. कॅल्शियम कार्बोनेटशी त्याची क्रिया होऊन पाण्यात विरघळणारे कॅल्शियम ॲसिटेट, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड वायू तयार होतो, आणि थरावर उठणारे बारीक बुडबुडे हे ही क्रिया चालू असल्याचे चिन्ह असते. व्हिनेगरऐवजी लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, लिटरभर पाण्यात 50 ग्रॅम या प्रमाणात विरघळवून वापरले तरी चालते, आणि त्याला वासही नसतो.

उभ्या काचेवर द्रव ओतला तर तो लगेच ओघळून जातो. म्हणून पेटी आडवी करून, ज्या काचेवर काम करायचे ती तळाशी आणावी, तिच्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेले सुती कापड पसरावे आणि अर्धा तास ते ओले ठेवावे. मऊ झालेला थर काचेच्या पेटीत दाढीच्या नव्या पात्याने, काच ओली ठेवून आणि पाते जवळजवळ आडवे धरून, खरवडता येतो; मात्र पाते सिलिकॉनपासून बोटभर दूर ठेवावे आणि कोपऱ्यांत फक्त मऊ ब्रश वापरावा. ॲक्रिलिकच्या पेटीत पाते न वापरता आम्लालाच अधिक वेळ द्यावा. जाड थर एका खेपेत निघत नाही, तेव्हा आम्लाची तीव्रता वाढवण्यापेक्षा हीच कृती दोन-तीनदा करावी.

न्हाणीघर साफ करण्याची आम्लयुक्त द्रावणे या कामासाठी वापरू नयेत, कारण त्यांत हायड्रोक्लोरिक आम्लाबरोबर डिटर्जंट, रंग आणि सुगंधी द्रव्ये असतात आणि त्यांचा अंश सांध्यांत राहतो. उकळते पाणीही काचेवर ओतू नये. काच उष्णता हळू वाहून नेते, त्यामुळे गरम पाण्याचा स्पर्श झालेला भाग प्रसरण पावतो आणि शेजारचा थंड भाग तसाच राहतो, व या विषमतेमुळे काच तडकते. काम झाल्यावर पेटी साध्या पाण्याने तीन-चार वेळा धुवावी आणि आम्लाचा वास पूर्ण जाईपर्यंत पुढच्या टप्प्याकडे वळू नये. ही सूचना माशांइतकीच माणसाच्याही जिवाशी संबंधित आहे, आणि तिचे कारण जंतुनाशकाच्या विवेचनात येते.

गळतीची चाचणी

गळतीची चाचणी क्षार काढल्यानंतर आणि निर्जंतुकीकरणापूर्वी घ्यावी. साचलेले क्षार कधी कधी सांध्यातील बारीक फट बुजवून ठेवतात, त्यामुळे मळक्या पेटीची चाचणी फसवी ठरू शकते; उलट निर्जंतुकीकरण आधी करून नंतर सांधा दुरुस्त करावा लागला, तर केलेले काम वाया जाते.

पेटी उंबरठ्याबाहेर, सपाट आणि समतल जागी ठेवावी. चारही बाजूंनी फ्रेम नसलेल्या, थेट तळकाचेवर बसणाऱ्या पेटीखाली थर्मोकोलचा पत्रा घालावा, म्हणजे पृष्ठभागावरील लहानसहान उंचसखलपणा तो सामावून घेतो. ज्या पेटीचा भार फ्रेमच्या कडांवर असतो तिच्याखाली मात्र तो घालू नये. भोवताली वर्तमानपत्र पसरून पेटी आधी पाव, मग अर्धी आणि मग पूर्ण भरावी, प्रत्येक टप्प्यावर काही तास थांबावे आणि पूर्ण भरल्यावर किमान 24 तास तशीच ठेवावी. कागदावर ओलाव्याचा अगदी छोटा डाग पडला तरी ती गळती मानावी.

नवे सिलिकॉन जुन्या सिलिकॉनवर नीट चिकटत नाही, म्हणून फक्त गळक्या जागी नवा थर चोपडून भागत नाही. आतील सर्व कडांचे सिलिकॉन पात्याने काढून, काच कोरडी व तेलकटपणारहित करून, सगळी कड एकसलग नव्याने भरावी लागते. त्यासाठी मत्स्यपेटीकरता असलेलेच सिलिकॉन आणावे. न्हाणीघरासाठी मिळणाऱ्या बुरशीरोधक सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक मिसळलेले असते आणि ते माशांना विषारी असते. भरलेले सिलिकॉन पूर्ण पक्के होऊन त्याचा आंबूस वास जाईपर्यंत, साधारण आठवडाभर, पेटीत पाणी घालू नये. काचांना एकत्र धरून ठेवणारा मूळ सांधाच सुटत असेल, तर हे काम पेट्या बनवणाऱ्या कारागिराकडे सोपवावे.

निर्जंतुकीकरण

घरगुती निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन देणारी द्रव्ये सर्वांत स्वस्त आणि सहज मिळणारी आहेत. बाजारातील द्रवरूप ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे सुमारे 4 टक्क्यांचे द्रावण; त्याचा 1 भाग आणि पाण्याचे 19 भाग एकत्र केले की लिटरमागे सुमारे 2000 मिलिग्रॅम क्लोरीन मिळते. ग्रामपंचायती पाणी शुद्ध करण्यासाठी जी ब्लीचिंग पावडर, म्हणजे टीसीएल, वापरतात, तिच्यात ताजेपणी सुमारे 33 टक्के क्लोरीन असते. तेव्हा लिटरमागे 6 ग्रॅम पावडर घेतल्यास तेवढीच तीव्रता साधते. पावडरीत चुना असल्याने द्रावण काही वेळ स्थिर ठेवून वरचे नितळ पाणीच घ्यावे, नाहीतर नुकताच काढलेला पांढरा थर पुन्हा काचेवर बसतो. उघड्या राहिलेल्या जुन्या पावडरीतील क्लोरीन बरेचसे उडून गेलेले असते, म्हणून ती वापरू नये. सुगंध किंवा डिटर्जंट मिसळलेले ब्लीचही वर्ज्य समजावे.

या द्रावणाने पेटीचा आतील प्रत्येक भाग, विशेषतः कोपरे व वरची कड, 10 ते 15 मिनिटे ओला ठेवावा. त्याहून अधिक काळ ठेवण्याची गरज नसते आणि धातूच्या भागांना त्याने गंज चढतो. येथे एक नियम कधीही मोडता कामा नये: ब्लीच आणि आम्ल एकत्र येऊ देऊ नयेत, कारण त्यांच्या संयोगाने क्लोरीन वायू बाहेर पडतो. हाच वायू 22 एप्रिल 1915 रोजी बेल्जियममधील ईप्रच्या रणांगणावर शस्त्र म्हणून सोडण्यात आला होता. बंद न्हाणीघरात त्याचे थोडे प्रमाणही फुप्फुसांना गंभीर इजा करू शकते. अमोनियायुक्त काच-साफ द्रव ब्लीचमध्ये मिसळल्यास क्लोरामाइन हे विषारी वायू तयार होतात, तेव्हा तेही टाळावे.

ब्लीचनंतर पेटी दोन-तीनदा पाण्याने धुवावी आणि मग उरलेले क्लोरीन निष्प्रभ करण्यासाठी सोडियम थायोसल्फेटचा वापर करावा. मत्स्यपेट्यांच्या दुकानांत हे स्फटिक हायपो किंवा अँटी-क्लोरीन या नावाने मिळतात. लिटरमागे 1 ग्रॅम प्रमाणातील द्रावणाने पेटी पुसून, काही मिनिटांनी पुन्हा साध्या पाण्याने धुतली की क्लोरीनचे निरुपद्रवी क्लोराइडमध्ये रूपांतर झालेले असते. वास अजिबात न येणे ही किमान कसोटी आहे.

मायकोबॅक्टेरियमच्या बाबतीत मात्र ब्लीचवर विसंबता येत नाही. या जिवाणूंच्या पेशीभित्तिकेत मायकोलिक आम्लांचा मेणासारखा थर असतो आणि तो क्लोरीनला सहजी आत येऊ देत नाही. 70 टक्के तीव्रतेचे अल्कोहोल त्यांच्यावर काही मिनिटांत परिणाम करते. शुद्ध अल्कोहोलपेक्षा हे पातळ केलेले द्रावण अधिक गुणकारी असते, कारण त्यातील पाण्यामुळे ते सावकाश उडते आणि प्रथिनांचे विकृतीकरण घडवून आणण्यास त्या पाण्याचीही मदत होते. आधीचे मासे खंगून, पाठीचा कणा वाकून किंवा अंगावर न भरणाऱ्या जखमा होऊन मेले असतील, तर काचेची पेटी ब्लीचनंतर पूर्ण धुवून व वाळवून 70 टक्के अल्कोहोलने पुसून घ्यावी. हे काम उघड्या हवेत, ज्योत आणि विजेची ठिणगी यांपासून दूर करावे, आणि ब्लीच ओले असताना अल्कोहोल कधीही वापरू नये, कारण त्यांच्यातील क्रियेनेही विषारी क्लोरोफॉर्म तयार होऊ शकते.

शेवटचा आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे वाळवणे. पेटी पालथी न ठेवता तोंड उघडे ठेवून आठवडाभर कोरड्या, हवेशीर जागी ठेवली की परजीवींचे कोश, गोगलगायींची अंडी आणि इतर पुष्कळ पाणजीव मरतात. कोकणातील किंवा मुंबईतील पावसाळ्यात दमट हवेमुळे कोपरे खऱ्या अर्थाने कोरडे होत नाहीत, म्हणून तेथे हे काम हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात करणे श्रेयस्कर.

पेटीबरोबर आलेले साहित्य

स्पंज, कापूस व सक्रिय कोळसा टाकून द्यावा आणि नवा आणावा. तळाचे खडे स्वस्त असतात, त्यामुळे त्यांच्या इतिहासाची खात्री नसल्यास तेही बदलावेत. लाकूड ब्लीच शोषून घेते आणि पुढे ते सोडत राहते, म्हणून ते ब्लीचमध्ये न घालता उकळून घ्यावे. दगड मात्र उकळू नयेत किंवा तापवू नयेत, कारण त्यांच्या पोकळीत अडकलेले पाणी वाफ होऊन दगड फुटू शकतो.

खाऱ्या पाण्याच्या पेटीतील दगडांबाबत तर याहून गंभीर धोका आहे. अशा दगडांवर झोअँथिड नावाचे प्रवाळांसारखे मऊ प्राणी वाढलेले असू शकतात आणि त्यांतील काहींच्या शरीरात पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. हवाई बेटांवरील अशा प्राण्यापासून ते वेगळे केल्याचे संशोधन 1971 मध्ये प्रसिद्ध झाले. दगड उकळल्याने, गरम पाण्याच्या फवाऱ्याने धुतल्याने किंवा कोरडा घासल्याने हे विष तुषारांच्या रूपाने हवेत मिसळते. 2012 ते 2014 या काळात अलास्कातील घरांत व दुकानांत अशा प्राण्यांच्या हाताळणीनंतर ताप, खोकला आणि श्वासाचा त्रास झाल्याच्या घटनांची नोंद अमेरिकी आरोग्य यंत्रणेने केली आहे. पेटीसोबत असे दगड आले, तर नवशिक्याने ते स्वतः साफ करण्याचा प्रयत्न न करता जाणकाराकडे द्यावेत.

विजेच्या उपकरणांत काचेच्या नळीचा हीटर सर्वांत काळजीने तपासावा. नळीत धुके, पाणी किंवा बारीक चीर दिसली तर तो फेकून द्यावा. चालू हीटर पाण्याबाहेर काढू नये; बंद करून पंधरा-वीस मिनिटे पाण्यातच थंड होऊ द्यावा, नाहीतर नळी फुटते. पंपाचा पंखा व्हिनेगरमध्ये भिजवून क्षारमुक्त करता येतो. वायरचे आवरण कडक झालेले किंवा टेप गुंडाळलेले कोणतेही उपकरण 230 व्होल्टच्या विजेवर पाण्याशेजारी वापरू नये. वायर सॉकेटच्या खालपर्यंत लोंबत ठेवून मग वर न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली ठिबकते, आणि त्या जोडणीवर 30 मिलिअँपिअरला वीज तोडणारा गळतीरोधक स्विच बसवावा.

सांडपाणी कोठे टाकावे

पेटीतील जुने पाणी, खडे आणि वनस्पती ओढ्यात, तलावात किंवा विहिरीत टाकणे हा निष्काळजीपणा पुढे फार महाग पडतो. 1984 मध्ये मोनॅको येथील समुद्रशास्त्रीय संग्रहालयाजवळच्या समुद्रतळावर कॉलर्पा टॅक्सिफोलिया या मत्स्यालयांत वाढवल्या जाणाऱ्या शैवालाचा लहानसा ताटवा आढळला आणि पुढे ते भूमध्य समुद्राच्या अनेक देशांच्या किनाऱ्यांवर पसरले. हेच शैवाल 2000 मध्ये कॅलिफोर्नियातील एका खाजणात सापडले तेव्हा त्यावर ताडपत्री पसरून खाली क्लोरीन सोडावे लागले, आणि ते नष्ट झाल्याची घोषणा व्हायला 2006 साल उजाडले. महाराष्ट्रात पवना, इंद्रायणी आणि मुळा-मुठा या नद्यांवर पसरणारी जलपर्णी हीसुद्धा शोभेची वनस्पती म्हणून भारतात आली, आणि दक्षिण अमेरिकेतील सकर मासा हौशी लोकांच्या पेट्यांतून निघून आज देशातील अनेक नद्या-तलावांत स्थिरावला आहे. म्हणून जुने पाणी ब्लीच करून शौचालयाच्या नळीतून सोडावे, आणि वनस्पती उन्हात पूर्ण वाळवून कचऱ्यात द्याव्यात.

शुद्ध पेटी आणि पहिला मासा

शुद्ध केलेली पेटी जंतुमुक्त असते, पण माशांना राहण्यायोग्य झालेली नसते. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात आणि तो त्यांनाच विषारी असतो. जुन्या पेटीत काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट आणि दुसरे काही नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करीत असतात. गोड्या पाण्याच्या मत्स्यपेट्यांत हे दुसरे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा या जिवाणूंचे असते, हे 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. ब्लीचने रोगकारक जिवाणूंबरोबर हे उपकारक जिवाणूही नष्ट झालेले असतात. म्हणून पेटीत क्लोरीनमुक्त पाणी भरून, फिल्टर चालू करून आणि माशांच्या खाद्याची चिमूट किंवा थोडा अमोनिया पुरवून हे जिवाणू नव्याने वाढू द्यावे लागतात, आणि त्यासाठी साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. चाचणी संचाने तपासल्यावर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आढळले, की मगच थोड्या माशांपासून सुरुवात करावी.

वापरलेली पेटी घेणाऱ्याने पैशांची बचत पाहताना हा दीड-दोन महिन्यांचा अवधीही हिशेबात धरावा. जो तेवढे थांबायला तयार असेल, त्याने अशी पेटी निःशंकपणे घ्यावी. ज्याला पेटी आणल्याच्या दिवशीच तिच्यात मासे हवे असतील, त्याने ती घेऊ नये, कारण त्या घाईची किंमत माशांना जिवाने आणि कधी माणसाला आरोग्याने चुकवावी लागते.